19 वर्षांची गाभण घोडी, मागचे दोन्ही पाय फेटलॉकमध्ये खाली बसायला लागलेत. कुणाला अनुभव आहे का?

नीराकाठ

नमस्कार मंडळी. घोडीबद्दल विचारायचंय, जरा लांबलचक झालंय, सांभाळून घ्या.

आमच्याकडे पंचकल्याणी मारवाडी घोडी आहे, वय 19. गाव माळशिरस तालुक्यात. वडिलांनी ती चार वर्षांची असताना अकलूजच्या बाजारातनं आणली होती. पहिली सहा-सात वर्षं वरातीत नाचाला जायची, मागच्या दोन पायांवर उभी राहून हलगीच्या ठेक्यावर दहा-दहा पावलं चालायची, लोक लांबून बघायला यायचे. नंतर काम बंद केलं आणि पैदाशीला ठेवली. आजवर पाच शिंगरं दिली, एकही वाया गेलं नाही. आता सहाव्यांदा गाभण आहे, डिसेंबरच्या शेवटी भरवली होती म्हणजे साडेसात महिने झाले.

जूनपासून बघतोय, मागच्या पायांचा खुराच्या वरचा सांधा, फेटलॉक म्हणतात तो, खाली बसत चाललाय. उजवा जास्त. आधी सांध्याच्या मागचा केसांचा झुपका आणि जमीन यात माझी चार बोटं सहज जायची, आता दोन पण धड जात नाहीत आणि चिखलात तर झुपका टेकतोच. लंगडत नाही म्हणजे एका पायावर असं नाही, पण चाल तोकडी झालीय. गव्हाणीच्या कट्ट्याला पुठ्ठा म्हणजे ढुंगण टेकवून उभी राहते. आणि एक विचित्र सवय लागलीय, जागेवरच खड्डा करते आणि मागच्या खुरांचं टोक त्या खड्ड्यात सोडून, टाच काठावर ठेवून उभी राहते. आम्ही रोज खड्डा बुजवतो, सकाळी परत तयार. आधी वाटलं माश्या चावतात म्हणून पाय आपटते.

गावच्या डॉक्टरांनी बघितलं, सस्पेन्सरी लिगामेंट गेलंय म्हणाले, विश्रांती द्या. महिना विश्रांती दिली, काही फरक नाही, उलट जास्तच वाटतंय. तालुक्यातल्या एका औषध दुकानदारानं डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं दिलीत, अजून टोचलेली नाहीत. शेजारचे आबा म्हणतात नळीवर, म्हणजे फेटलॉकच्या वरच्या लांब हाडावर, तापल्या सळईनं डाग द्या, पूर्वी सगळे तेच करायचे. आणि वडील म्हणतात हे शिंगरू झालं की पुढच्या वर्षी अजून एकदा भरवायची, या घोडीचा घोडा आपल्या दावणीला राहिला पाहिजे. चारी वेळा आम्ही नर विकले, घरात तिची एकच लेक आहे सहा वर्षांची.

माझे प्रश्न असे की हिला विण्यापर्यंत कसं सांभाळायचं, आणि वडिलांना काय सांगू. मला तिचे हाल बघवत नाहीत.

---

पशुवैद्य_सातारा

सगळ्यात आधी ती डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं परत करा. जनावरांसाठी ते औषध आपल्याकडे 2006 पासून बंद आहे. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांच्या किडन्या जातात, त्यातनंच आपल्याकडची गिधाडं संपत आली. माणसांच्या बाटल्या जनावरांना टोचायचा प्रकार अजून चालतो, दुकानदार देतो म्हणून घ्यायचं नाही. घोड्याला वेदनेसाठी दुसरी औषधं आहेत, ब्युट म्हणजे फिनाइलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलॉक्सिकॅम. पण तुमची घोडी गाभण आहे आणि म्हातारी आहे, ब्युटनं पोटात अल्सर होतात, किडनीवर ताण येतो. त्यामुळे कमीत कमी डोस, तोही डॉक्टरनं समोर उभं राहून ठरवलेला. स्टिरॉइड कुणी सुचवलं तर नाही म्हणा.

आता मुद्द्याचं. सस्पेन्सरी लिगामेंट म्हणजे नळीच्या मागच्या बाजूला वरपासून खाली येणारा जाड पट्टा, खाली त्याच्या दोन शाखा होतात आणि त्या फेटलॉकच्या मागच्या दोन छोट्या हाडांना धरतात. सांधा झोळीत ठेवल्यासारखा त्याच्यावर तोललेला असतो. झोळी सैल झाली की सांधा खाली येतो. शर्यतीच्या घोड्याला एका पायात दुखापत होते, ती वेगळी, त्यात विश्रांती दिली की सहा महिन्यांनी वर्षानं तंतू परत जुळतात, वण राहतो पण घोडा उभा राहतो. तुमच्या घोडीचं दोन्ही पायांत, हळूहळू, मार न लागता, आणि विश्रांतीनं न थांबणारं आहे. याला डीएसएलडी म्हणतात, लिगामेंट आतनंच झिजत जातं. खड्डा करून टोक खाली सोडून उभं राहणं आणि पुठ्ठा टेकवणं ही त्याची अगदी ठरलेली लक्षणं आहेत. तुम्ही ते नीट बघून लिहिलंत म्हणून इतक्या लांबून एवढं तरी बोलता येतंय. खात्री मात्र सोनोग्राफीनंच होणार. दोन्ही पाय वरपासून खालपर्यंत, शाखांसकट बघायला सांगा.

तुमच्याकडनं तीन गोष्टी हव्यात. एक, तिचे केस कसे आहेत? उन्हाळ्यात झडले का, की पोटाखाली पायाला लांब राहिले? दोन, पाणी नेहमीपेक्षा जास्त पिते का? तीन, बांधता कशी?

---

नीराकाठ

डॉक्टर, लगेच उत्तर दिलंत, आभार. केस झडले नाहीत, हो. मे महिन्यात सुद्धा पोटाखाली आणि गालाखाली लांब केस होते, आम्ही म्हटलं वयामुळे. खरारा केला तरी सुटत नव्हते. पाणी पूर्वी तीन बादल्या पुरायचं, आता पाचवी भरून ठेवावी लागते, खालचा मुरूम कायम ओला. बांधतो अगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढं दोन दावी आणि मागं दोन्ही पायांना पिछाडी. पूर्वीपासून तशीच बांधतो.

---

पशुवैद्य_सातारा

पिछाडी आजच सोडा, हा मेसेज वाचल्या वाचल्या. फेटलॉकच्या खालीच दोर आवळलेला असतो आणि ती मागं पुढं झाली की सगळा हिसका त्याच सांध्यावर येतो. शिवाय ज्या घोडीला पाय कुठं ठेवला म्हणजे बरं वाटेल हे शोधावं लागतंय तिला ते शोधायची मोकळीक पाहिजे. चार बाजूंनी बांबू लावून मोकळं ठेवा.

केस आणि पाणी ऐकून मला कुशिंगची शंका येते, पीपीआयडी म्हणतात, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा म्हातारपणातला आजार. यात लिगामेंट कमजोर होतात हे दिसून आलंय, आणि खुराचा दाह म्हणजे लॅमिनायटिसही होऊ शकतो, त्यामुळे पुढचे खूर गरम लागतात का रोज हात लावून बघा. रक्तातलं एसीटीएच तपासून घ्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर हे हार्मोन निरोगी घोड्यातही चढलेलं असतं, तेव्हा रिपोर्ट वाचणाऱ्याला महिना सांगा. औषध आहे त्यावर, पर्गोलाइड, पण त्यानं दूध आटतं, म्हणून गाभण घोडीत ते द्यायचं का, कधी थांबवायचं हे विण्याची तारीख बघून ठरवावं लागतं. स्वतःच्या मनानं सुरू करू नका.

डाग देऊ नका. आबांचा अनुभव मोठा असेल पण तापल्या सळईनं कातडी भाजते, लिगामेंट जिथल्या तिथं राहतं. पूर्वी घोडे बरे व्हायचे ते डागानंतर जी दोन-चार महिने सक्तीची विश्रांती मिळायची तिच्यामुळे. गाभण घोडीला ती वेदना आणि त्यानंतर माश्या बसलेली जखम, कशासाठी?

---

तिसऱ्या_पिढीचा_नालबंद

डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी पायाचं सांगतो. आजोबांपासून हेच काम आहे आमचं, बारामती फलटण भागात फिरतो.

नीराकाठ भाऊ, असला पाय बघितला की पहिला मोह काय होतो की सांधा खाली आलाय तर टाचेखाली पाचर घालून वर उचलू. मी पण सुरवातीला केलंय. दिसायला खूर उभा दिसतो, मालक खूश, पण टाच उचलली की मागचा खोल स्नायूबंध सैल पडतो आणि सांध्याचा भार उलटा याच लिगामेंटवर येतो. पंधरा दिवसात सांधा अजून खाली. तेव्हा कुणी पाचर सुचवली तर आधी डॉक्टरला विचारा. काही घोड्यांना शेवटच्या टप्प्यात आराम म्हणून चालत असेल, पण सरसकट नाही.

करायचं काय तर पुढचं टोक वाढू द्यायचं नाही. टोक लांब झालं की पाऊल उचलताना तेवढा जास्त जोर लागतो. पाच आठवड्याच्या आत तासायचं, कानस मारून टोक गोल करायचं, टाच मात्र कापायची नाही. आणि नाल अशी की टाचेच्याही मागं निघालेली, अंड्यासारखी मागनं बंद केलेली चालते, म्हणजे सांधा खाली आला तरी मागं जमिनीवर आधार राहतो. पण तुमची जमीन काळी असणार, पावसाळ्यात असली नाल चिखल ओढून घेते आणि उपटून येते, येताना खुराची कड घेऊन येते. म्हणून आधी उभं राहायची जागा कोरडी करा, मग नाल.

अजून एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाल ठोकताना मागचा पाय कमरेपर्यंत वर उचलू देऊ नका. एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्या दुखऱ्या पायावर. मी अशा घोडीचा पाय जमिनीपासून वीतभर उचलतो, गुडघ्यावर बसून काम करतो, दोन खिळे मारले की पाय सोडतो, तिला टेकू देतो, परत घेतो. एका पायाला तास लागतो, लागू द्या. जी घोडी आयुष्यात कधी नालबंदाला लाथ मारत नव्हती ती अचानक पाय ओढायला लागली तर ती दांडगाई करत नाही, तिला उभं राहवत नाही. तिला मारणाऱ्याच्या हातात मी पाय देत नाही.

---

रेवाची_आई

मी पुण्याजवळ एका छोट्या स्टडवर, म्हणजे घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर, आठ वर्षं घोड्या सांभाळल्या, नंतर त्यातलीच एक म्हातारी थरोब्रेड घोडी घरी आणली, रेवा. तिला हेच झालं होतं. शेवटचं शिंगरू तिनं अशाच पायांवर दिलं म्हणून लिहिते.

शेवटचे तीन-चार महिने सगळ्यात अवघड, कारण बाळाची खरी वाढ तेव्हाच होते. शिंगराचं वजन साधारण आईच्या वजनाच्या दहावा हिस्सा, त्यात पाणी आणि वार धरा, तो सगळा बोजा त्या दोन सांध्यांवर. म्हणून तिच्या स्वतःच्या अंगावरची चरबी आत्ताच बघा. बरगड्या दिसू नयेत पण हात फिरवला की लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर भिजवलेले हरभरे आणि गूळ कमी करा, आणि कुशिंग असेल तर गूळ बंदच. पण गाभण आहे म्हणून उपाशी ठेवायची नाही हां, लसूणघास द्या, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही येतं. गव्हाचा कोंडा लोक फार घालतात, त्यात फॉस्फरस जास्त असतं आणि कॅल्शियमचं गणित बिघडतं, तो थोडाच.

जागा कशी हवी तर मऊ पण पाय न रुतणारी. हे मला चूक करून कळलं, मी रेवाला प्रेमानं फूटभर नदीची वाळू टाकली आणि ती दोन दिवसात जास्त आखडली, कारण प्रत्येक पावलाला टाच रुतून सांधा अजून खाली जायचा. मग खाली दाबलेला मुरूम, वर रबरी मॅट आणि वर भाताचा पेंढा, असं केल्यावर पहिल्या रात्री ती आडवी झोपली. मी दाराशी उभी राहून रडले. आधी कित्येक रात्री ती बसतच नव्हती, बसलं की उठता येणार नाही ही भीती असते त्यांना.

सांध्याच्या मागं जिथं टेकतं तिथं कातडी सोलते, रोज धुऊन कोरडी करा, पावसाळ्यात तिथंच किडे पडतात. बँडेज बांधायचं तर खाली कापसाचा जाड थर, सगळीकडे सारखा ताण, दोन्ही पायांना, आणि रोज सोडून परत बांधायचं. एकाच जागी आवळलं की स्नायूबंधाला इजा होते. जमत नसेल तर न बांधलेलं बरं. ज्या दिवशी नळीची मागची बाजू गरम आणि सुजलेली लागेल त्या दिवशी गार पाण्याचा पाइप वीस मिनिटं, दिवसातनं दोन-तीनदा.

विण्याच्या वेळी माणूस पाहिजेच. घोडी पटकन विते, पाणी फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर पाहिजे, नाहीतर डॉक्टर. अशा पायांची घोडी मध्येच उठायला बघते आणि उठता येत नाही. रेवानं विल्यावर चाळीस मिनिटं उठायचा प्रयत्न केला, आम्ही तिच्या पुठ्ठ्यामागं पेंढ्याच्या गासड्या लावल्या, त्याला रेटा देऊन उठली. तोपर्यंत शिंगरू आचळाला लागू शकत नव्हतं, तेव्हा मी चीक हातानं काढून बाटलीतनं पाजला, पहिल्या काही तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. आणि विण्याच्या महिनाभर आधी धनुर्वाताची लस.

---

तापीकाठचा

आम्ही पिढ्यान् पिढ्या सारंगखेड्याच्या जत्रेला घोडे घेऊन जातो, त्यामुळे तुमच्या वडिलांच्या मनात काय आहे ते मला पक्कं कळतं. चांगल्या घोडीचं रक्त आपल्या दावणीला राहावं यात काही चूक नाही. पण आता स्पष्ट लिहितो.

हा आजार काही घराण्यांत उतरतो असं जाणकार सांगतात, पेरूच्या पासो घोड्यांत तर खूपच दिसलाय. तुमच्या घोडीचं नाचामुळे झालं, कुशिंगमुळे झालं की रक्तातच आहे हे आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. नाचामुळे पाय घासले असतीलच, सगळं अंग मागच्या दोन पायांवर तोलायचं म्हणजे खेळ नाही, मी स्वतः नाचाचे घोडे शिकवणं यासाठीच सोडलं. पण म्हणूनच पुढचं शिंगरू मागण्याआधी घरातली लेक बघा. तिला सपाट फरशीवर उभी करून बाजूनं फोटो काढा, दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उंचीवरनं. मागचा पाय ढोपरात फार सरळ आहे का, सांधा खाली येतोय का. विकलेली चारी शिंगरं कुणाकडं गेली ते माहीत असेल तर फोन करून विचारा, पाय कसे आहेत.

मला कुणी तरी नक्की सांगेल म्हणून आधीच लिहितो, बिकानेरच्या सरकारी अश्व केंद्रात 2023 मध्ये एम्ब्रियो ट्रान्सफरनं मारवाडी शिंगरू जन्माला घातलंय, म्हणजे बीज आपल्या घोडीचं आणि पोट दुसरीचं. ऐकून वाटतं हा मार्ग बरा, हिच्या पायावर ओझं नाही. पण आजार रक्तात असेल तर तो पण बीजाबरोबर जाणार. आणि 19-20 वर्षांच्या घोडीकडनं चांगलं बीज मिळणं अवघडच.

लेकीचे पाय सरळ असतील, मोठ्या शिंगरांचे चांगले असतील, तर घराणं लेकीतनं चालेल. वडिलांना "आता बस करा" असं नका म्हणू, "लेक आहे की" असं म्हणा.

---

नीराकाठ

चार आठवडे झाले, कळवतो म्हणालो होतो.

पिछाडी त्याच संध्याकाळी सोडली. मी सोडायला गेलो तर वडीलच उठले, त्यांनी सोडली, आणि दोराचे वळ बघत बराच वेळ तिथंच बसून राहिले, काही बोलले नाहीत.

घोडीला गाडीत घालून न्यायचं धाडस झालं नाही, म्हणून पुण्याकडच्या एका स्टडवर येणाऱ्या डॉक्टरांना विनंती केली, ते छोटं मशीन घेऊन आले. दोन्ही मागच्या पायांत लिगामेंट जाड झालंय, उजव्यात दोन्ही शाखा सुद्धा. स्क्रीनवर त्यांनी आधी पुढचा चांगला पाय दाखवला, सारख्या आखलेल्या रेघा, आणि मग मागचा, तिथं रेघाच नाहीत, नुसतं ढगाळ. वडिलांना तेव्हा पटलं. एसीटीएच चढलेलं आलं, महिना धरून सुद्धा जास्त. औषध अर्ध्या डोसनं सुरू केलंय, विण्याच्या आधी थांबवायचं ठरलंय. वेदनेचं औषध रोज नाही, फक्त नाल आणि तासणीच्या आदल्या रात्री.

जागा रेवाच्या आईंनी सांगितली तशी केली, मुरूम दाबून वर जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे टाकले, साखर कारखान्याच्या भंगारातनं मिळाले, वर पेंढा. खड्डा करायला आता माती नाही तर ती पेंढ्याचा ढीग करते आणि त्यावर टाच ठेवते, मोडत नाही आम्ही. सांधा वर आला नाही, पण चार आठवड्यात खाली पण गेला नाही, रोज बोटं घालून बघतो, दोनच आहेत. तीनदा आडवी झोपलेली बघितली.

लेकीचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले आत्ता तरी पाय चांगले आहेत, दोन वर्षं थांबा मग भरवा. दोन शिंगरांचे मालक सापडले, एकाचा घोडा ठीक आहे, दुसऱ्याच्या घोड्याचा मागचा पाय खाली बसतोय असं तो स्वतःच म्हणाला, वय फक्त सात. त्याला इथली सगळी चर्चा वाचून दाखवली, तो पण सोनोग्राफी करतोय. हे कळल्यावर वडील म्हणाले लेकीचं पण घाईनं नको. हिला परत भरवायचा विषय त्यांनीच बंद केला.

नालबंद दादा, तुम्हाला मेसेज केलाय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस उघडला की नाल बसवू म्हणालात, तोपर्यंत परवा गावातल्याच माणसाकडनं तासून घेतो. त्याला तुमचं वाचून दाखवलं, तो म्हणाला गुडघ्यावर बसून करतो.